उद्या या म्हणाले तर काय करायचं? संविधानातले हक्क काउंटरवर वापरायला शिकताना

माझी मावशी भाजीची गाडी लावते. तीनेक वर्षांपूर्वी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, वजनकाटा आणि दोन क्रेट उचलून टाकले आणि गेले. मावशी दोन दिवस ऑफिसात खेटे घालत राहिली, तिथे म्हणाले कसला काटा, आमच्याकडे नोंदच नाही. झालं, काटा गेला तो गेलाच. सहा महिन्यांनी परत तोच प्रकार, पण तोवर तिला शेजारच्या पेरूवाल्याने पढवून ठेवलं होतं की माल उचलला तर उचलू दे, भांडू नको, फक्त यादी माग, त्यांच्या सहीची. तिने भर रस्त्यात यादी मागितली. तो माणूस वैतागला, दोन शब्द बोललाही, पण चार लोक बघायला लागले तसं एका चिटोऱ्यावर काटा एक, क्रेट दोन असं लिहून सही करून दिलं. तिसऱ्या दिवशी पैसे भरून काटा घरी.

दोन्ही वेळेला संविधान तेच होतं. कलम १९ मध्ये धंदा करायचा हक्क आहे, त्याच्या आधारावर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्या कायद्यात लिहिलंय की जप्त केलेल्या मालाची सही केलेली यादी विक्रेत्याला द्यायची, नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा. हे सगळं पहिल्या वेळेलाही होतं. नव्हता तो फक्त चिटोरा.

तर हा लेख त्या चिटोऱ्याबद्दल आहे. ज्यांनी आजवर घरच्या मोठ्या माणसाबरोबरच सरकारी ऑफिसात पाऊल टाकलंय, किंवा नुकतंच लग्न करून, नोकरी लागून नव्या गावात आलेत आणि आता सगळं स्वतःच करायचंय, त्यांच्यासाठी. वकील मंडळींनी वाचलं तर चालेल पण त्यांना नवीन काही मिळणार नाही.

सुरुवात करायच्या आधी

शाळेत पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला उद्देशिका असायची, प्रार्थनेनंतर म्हणायचो, आम्ही भारताचे लोक. त्याच्या पुढचं कुणी वाचत नाही. पुढचं सगळं पाठ करायची गरजही नाहीये, तिसरा भाग तेवढा एकदा वाचून काढा, कलम १२ ते ३५, तासाभराचं काम आहे. भाषा संचालनालयाने काढलेलं 'भारताचे संविधान' मराठीत आहे, मराठी थोडं जड आहे पण दोनदा वाचलं की कळतं.

लक्षात ठेवायची मोजकी कलमं सांगतो. १४ म्हणजे सगळे समान, सरकार मनमानी करू शकत नाही. १५ म्हणजे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही. १७ म्हणजे अस्पृश्यता बंद. १९ म्हणजे बोलणं, जमणं, संघटना, फिरणं, राहणं, धंदा. २१ म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्य, हे कलम एका ओळीचं आहे पण कोर्टाने त्यातून इतकं काढलंय की विचारू नका, २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्कसुद्धा यातूनच आला. २१क म्हणजे ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षण. २२ म्हणजे अटक झाली तर काय. आणि ३२ म्हणजे यातलं काही मोडलं तर थेट सुप्रीम कोर्ट. याच कलमाला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं, आणि ते बरोबरच आहे कारण दाद मागायला दारच नसेल तर बाकीच्या यादीचं करायचं काय?

पायरी १: समोर कोण आहे ते आधी बघा

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त चुकतो. मूलभूत हक्क हे मुख्यतः सरकारच्या विरोधात आहेत. सरकार म्हणजे तलाठी, तहसील, ग्रामपंचायत, महापालिका, पोलीस, सरकारी बँक, एसटी वगैरे. घरमालक, खाजगी कंपनी, शेजारी यांना तुम्ही 'माझ्या कलम १९ चा भंग केला' म्हणालात तर ते हसतील, आणि खरं सांगायचं तर कोर्टही फार वेळ ऐकणार नाही. त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत, भाड्याचा, कामगारांचा, ग्राहकाचा, ते वापरायचे.

पण काही कलमं अशी आहेत की ती साध्या माणसालाही लागू होतात. १७, २३ आणि २४, म्हणजे अस्पृश्यता, वेठबिगारी आणि धोक्याच्या कामात बालमजुरी. आणि १५ चं दुसरं पोटकलम. ते एकदा मुद्दाम वाचा. दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, आणि सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा सगळ्यांसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, इथे जातीधर्मावरून कुणाला अडवायचं नाही. विहिरी आणि तलाव हे शब्द संविधानात कसे काय आले असं वाटत असेल तर २० मार्च १९२७ आठवा, महाड, चवदार तळं. नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच केलेला होता, तरी पाणी पिता येत नव्हतं, त्यासाठी हजारो लोकांना चालत जावं लागलं आणि वर मार खावा लागला. पुढे कोर्टात केस चालली ती थेट १९३७ पर्यंत. म्हणजे कागदावर हक्क असणं आणि ओंजळीत पाणी येणं यात किती अंतर असतं ते आपल्याला कोकणातल्या एका तळ्याने दाखवून दिलेलं आहे.

आता फ्लॅटचं. 'आम्ही अमुक लोकांना घर देत नाही' हे शहरात सर्रास ऐकू येतं आणि लोक विचारतात की याच्यावर कलम १५ लागतं का. सरळ उत्तर असं की घरमालकाविरुद्ध ते थेट चालवणं फार अवघड आहे. एका समाजापुरत्या मर्यादित असलेल्या हाउसिंग सोसायटीचा नियम सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये मान्यही केलेला आहे. मला तो निकाल पटत नाही पण खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. हां, अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला जातीवरून अपमान केला, शिवीगाळ केली तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, तो वेगळा विषय.

आणि गावाकडची गोष्ट म्हणजे वाळीत टाकणं. कोकणात गावकी, काही समाजांत जातपंचायत, लग्नाला बोलवायचं नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, अंत्यविधीला कुणी यायचं नाही. यासाठी महाराष्ट्राने वेगळा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केलाय, २०१६ चा, असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. जातपंचायतीने ठोकलेला दंड 'समाजाचा नियम' म्हणून भरत बसू नका, तो गुन्हा आहे, तक्रार पोलिसात होते.

पायरी २: तोंडी बोलणं बंद

काउंटरवर काहीही सांगायचं असेल तर लिहून न्या. साधा कागद, वर उजवीकडे तारीख, प्रति कोण, विषय एका ओळीत, मग मजकूर, खाली सही, मोबाईल नंबर. भाषा भारी नको. 'महोदय, मी दिनांक अमुक रोजी अमुक दाखल्यासाठी अर्ज केला होता, अद्याप दाखला मिळाला नाही, तरी तो देण्यात यावा, देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.' बस. शेवटची ओळ महत्त्वाची, कारण लेखी कळवावे. ज्याला नाही म्हणायचंय त्याला तोंडाने नाही म्हणायला काही लागत नाही, लिहून सही करताना मात्र हात थांबतो. कलम १४ चा रोजचा उपयोग विचाराल तर मी हाच सांगेन.

दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर पोच. पोच म्हणजे गोल शिक्का, तारीख, सही आणि जमलं तर आवक क्रमांक. नुसता शिक्का मारून तारीख नाही टाकली तर म्हणा साहेब तारीख राहिली. टेबलावरचे साहेब पोच देत नाहीत, त्यासाठी आवक-जावक नावाचं वेगळं टेबल असतं, बऱ्याचदा दाराजवळ कोपऱ्यात, ते आधी शोधा. तिथेही कुणी म्हणालं की ठेवून जा मी साहेबांना देतो, तर गोड बोलून सांगा की घरचे विचारतील, शिक्का मारून द्या. भांडायचं नाही. मी सुरुवातीला भांडायचो, त्याचा फायदा शून्य.

तरीही घेतलाच नाही तर बाहेर येऊन पोस्टात जा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, ट्रॅकिंगवर पोचल्याचं आलं की स्क्रीनशॉट काढा. ईमेल असेल तर त्यावरही टाका. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला फोटो म्हणजे पोच नाही, ब्लू टिक आली तरी नाही.

पायरी ३: मुदत विचारा

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, जन्म-मृत्यू, फेरफार अशा ठरवून दिलेल्या सेवांना दिवसांची मुदत असते आणि ती यादी, अधिकाऱ्याचं नाव, फी, अपील कुणाकडे, हे सगळं ऑफिसात बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. बोर्ड बहुतेक ठिकाणी असतो, कपाटाच्या मागे का होईना असतो. त्याचा फोटो काढून घ्या.

अर्ज शक्यतो 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून करा कारण तिथे नंबर मिळतो आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मुदत संपली किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, मग तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटते, पण नोकरदाराला पैशापेक्षा सर्व्हिस रेकॉर्डची भीती जास्त असते, त्यामुळे 'अपिलात जाऊ का' एवढं शांतपणे विचारलं तरी बऱ्याचदा फाइल हलते.

पायरी ४: माहितीचा अधिकार, दहा रुपयांत

आपल्याला वाटतं आरटीआय म्हणजे काहीतरी कार्यकर्त्यांचं काम. तसं अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच सांगितलं होतं की लोकांना सरकारचा कारभार जाणून घ्यायचा हक्क आहे आणि तो बोलण्याच्या स्वातंत्र्यातच येतो. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा देशाच्या आधी आला, मग २००५ चा केंद्राचा.

अर्ज जोडपत्र अ मध्ये करायचा, फॉर्म झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको, दाखल्याची प्रत जोडा. ऑनलाइनही होतं. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहायचं नाही.

आता खरी मेख. 'का' विचारायचं नाही. रस्ता इतका खराब का झाला, माझं नाव यादीत का नाही, असं विचारलं की उत्तर येतं हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते उत्तर कायद्याने बरोबर असतं. कागद मागायचा. म्हणजे असं लिहा:

'अमुक गाव ते अमुक फाटा रस्त्याच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती व ठेकेदारास अदा केलेल्या देयकाच्या प्रती. कालावधी १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४.'

मोजमाप पुस्तिका म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती. त्यात किती लांबी, किती जाडी, किती खडी हे सगळं सहीनिशी असतं, मग घरून टेप घेऊन जा आणि मोजा. तसंच घरकुलाच्या यादीत नाव नसेल तर पात्र-अपात्र यादी आणि अपात्रतेच्या कारणाची नोंद मागा. दाखला अडकला असेल तर तुमच्या अर्जावर कोणत्या तारखेला कुणी काय टिपणी लिहिली त्याची प्रत मागा. हा शेवटचा अर्ज तर औषधासारखा आहे, कित्येकदा टिपणीची प्रत यायच्या आधी दाखलाच येतो.

उत्तराला ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, उदाहरणार्थ घरच्या माणसाला पोलिसांनी नेलंय आणि पत्ता नाही, तर ४८ तास. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत पिटाळायचं नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपये. मग ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे. तिथे अपिलांचा ढीग आहे, सुनावणीला खूप वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा आणि तिथेच काय ते मिळवायचा प्रयत्न करा. आणि दुसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती, त्याचा पगार, त्याची रजा, असलं मागायला जाऊ नका, नकार येतो आणि शेजाऱ्याचं वैर येतं ते वेगळं.

पायरी ५: पोलीस स्टेशन

इथे माणूस सगळ्यात जास्त घाबरतो म्हणून जरा सविस्तर. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, पण मुळातलं संरक्षण संविधानातलंच आहे, कलम २०, २१, २२.

तक्रार द्यायला गेलात तर. मोबाईल चोरीला गेला की ठाणे अंमलदार हमखास म्हणणार, हरवला असं लिहून द्या, गहाळचा दाखला देतो, नवीन सिमकार्डाला चालतो. चालतो हो, पण खिशातून काढलेला मोबाईल हरवलेला नसतो. चोरी हा सहसा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक आणि तपास करता येतो (नवीन कायद्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी तेवढी अपवाद), तेव्हा चोरी असेल तर चोरीच लिहा. दुसरी पळवाट म्हणजे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. मारहाणीत हाड मोडलंय आणि हातात एनसीची पावती, असं झालं तर समजा गडबड आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये घटनापीठाच्या निकालात स्पष्ट केलंय. आता नवीन कायद्यात तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे 'अर्ज चौकशीवर ठेवलाय' असं सांगितलं तर विचारा की परवानगी कुणाची आणि १४ दिवस कधी संपतात.

'ही आमची हद्द नाही' हेही चालत नाही. कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो नंबरने गुन्हा नोंदवता येतो, मग ते पुढे वर्ग करतात. एसटीत प्रवासात काही झालं तर हे फार उपयोगी पडतं. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआर नीट वाचून मगच सही करा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

नाहीच घेतली तर अर्जाची एक प्रत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने, शहरात आयुक्तालय असेल तर तिथे. तिथूनही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, शपथपत्रासह, त्याला वकील घ्या. म्हणजे परत तेच, पहिल्या अर्जाची पोच नसेल तर पुढच्या दाराची किल्लीच नाही.

स्टेशनात मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून सरकारी गुपितांच्या (ऑफिशियल सिक्रेट्स) कायद्याखाली केस टाकीन अशी धमकी देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की पोलीस स्टेशन हे त्या कायद्यातलं प्रतिबंधित ठिकाण नाही. तरीपण उगीच तोंडासमोर कॅमेरा धरू नका, काम बिघडतं, आणि तसंही २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या पोलीस स्टेशनांत सीसीटीव्ही लावायला सांगितलेत, किती वाजता गेलो आणि कुणाला भेटलो एवढं स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

बोलावलं तर. फोनवर 'जरा येऊन जा' म्हणाले तर विचारा कशासाठी आणि नोटीस पाठवा म्हणा. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बायकांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० च्या वरच्या माणसांना स्टेशनात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सरसकट अटक नाही, अटकेची गरज नसेल तर आधी हजर राहण्याची नोटीस देतात, आणि अशी नोटीस आली तर मात्र न चुकता जा, नाही गेलात तर तेच अटकेचं कारण होतं.

अटक केली तर. कारण सांगावं लागतं, आणि अलीकडच्या निकालांत सुप्रीम कोर्टाने ते लेखी द्यायला सांगितलंय. घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवावं लागतं. वकिलाला भेटता येतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, सुट्टी असो की दिवाळी. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नाही. आणि मॅजिस्ट्रेट विचारतात, काही तक्रार आहे का? मारलं असेल तर तिथे बोला. तो एकच क्षण असतो आणि नवखा माणूस तिथे नाही म्हणून मान हलवतो.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडे आल्या त्या साध्यासुध्या कागदांतून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईतल्या कोठडीतल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि १९८३ मध्ये आदेश दिले, बायकांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा, चौकशी महिला पोलिसांसमोरच, आणि अटक झाली की लगेच कायदेशीर मदत समितीला कळवायचं.

आणि फेसबुक. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या एका पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यातून पेटलेलं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम, रद्द झालं. त्यानंतरही देशात ठिकठिकाणी त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत होते, म्हणून तुमच्यावर पोस्टसाठी काही आलं तर आधी कागदावर कलम कुठलं लावलंय ते बघा.

पायरी ६: शाळा

इथे थोडक्यात आटपतो कारण पालकांना बरंच माहीत असतं. ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून घेताना आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही, आणि मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो. फी बाकी आहे म्हणून दाखला अडवून ठेवणं हा आपल्याकडचा जुना खेळ, माझ्या भाचीचा एका शाळेने दोन महिने अडवला होता, शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दिलं तेव्हा चौथ्या दिवशी मिळाला. प्रवेशाला मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेणं, डोनेशन घेणं याला दंड आहे.

खाजगी विनाअनुदानित शाळेत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचं माहीत असेलच, अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा मात्र त्यात येत नाहीत. २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती, पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द झाला. तेव्हा अर्जाची जाहिरात निघाली की शेजारचा काय सांगतो त्यावर जाऊ नका, दरवर्षीचा नियम स्वतः वाचा.

पायरी ७: सगळं करून अडकलं तर

वकील परवडत नाही म्हणून घरी बसू नका. कलम ३९क आणि १९८७ चा विधी सेवा कायदा यामुळे मोफत वकील मिळतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग, कोठडीतले, कारखान्यातले कामगार, पूर-भूकंपात सापडलेले, यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, दारातल्या कुठल्याही शिपायाला विचारा. फोन १५१००. मिळणारा वकील उत्साही असेलच असं नाही, काहींना फाइल वाचायलाही वेळ नसतो, पण बदलून मागता येतो, लेखी.

मूलभूत हक्काचाच प्रश्न असेल तर हायकोर्टात कलम २२६ ची रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या अशी याचिका. सुप्रीम कोर्टात थेट जाता येतं खरं, पण ते सहसा आधी हायकोर्टात जा म्हणतात, आणि आपल्याला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर असं जवळचं काहीतरी आहेच. मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते, फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत.

कुठेही गेलात तरी समोरचा पहिला प्रश्न विचारणार, कागद काय आहे? म्हणून घरात एक प्लास्टिकची फाइल करा. अर्जाच्या पोच, स्पीड पोस्टच्या पावत्या, बोर्डाचा फोटो, तारखांची वही. कोर्ट फी स्टॅम्प दहाचे चार-पाच आणून ठेवा, स्टॅम्पवाला पाहिजे तेव्हा कधीच सापडत नाही. मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही, फक्त झेरॉक्स, आणि तीही सकाळीच काढून ठेवा, ऑफिससमोरचा झेरॉक्सवाला बरोबर साहेब जेवायला जातात तेव्हाच शटर ओढतो.